बाटलीची पाठ वाचा

हिवाळ्यात हैदराबादच्या आबिड्समधल्या कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये अंगाला लावायचं लोशन मागा. दुकानदार तीन बाटल्या काउंटरवर मांडतो: एक 'नॅचरल', एक 'हायपोअलर्जेनिक', एक 'पॅराबेन-फ्री'. शंका काढलीत, तर मनगटावर थेंब चोळून विचारतो, "देखो, कुछ हुआ क्या? नै ना?" गिऱ्हाईक निरुत्तर होतं. पुढे मानेवर, पापण्यांवर खाज सुटली की काचीगुड्याच्या आणि सुलतान बाजारच्या मराठी घरांत चौकशी सुरू होते ती बोअरच्या पाण्याची आणि रात्री खाल्लेल्या वांग्याची. लोशनवर कुणी संशय घेत नाही, कारण ते तर त्वचा सांभाळायला आणलेलं. माझं म्हणणं असं, की संशयितांच्या यादीत त्याचं नाव बरंच वर हवं. आणि बाटलीच्या दर्शनी बाजूवर छापलेला एकही शब्द त्याला निर्दोष ठरवू शकत नाही.

आधी दुकानदाराचा पुरावा तपासू. लोशनची ॲलर्जी सहसा उशिरा उमटते. शरीरातल्या टी-पेशींनी एखादा पदार्थ एकदा शत्रू म्हणून नोंदवला की पुढच्या खेपेला त्याला ओळखून त्वचा सुजवायला त्यांना साधारण एक ते तीन दिवस लागतात. मनगटावरच्या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेत ती सापडणार कशी? उलट, लावताक्षणी चुणचुणलं तर ती बहुधा ॲलर्जी नसतेच. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेलं लोशन भेगाळलेल्या कातडीवर आग करतंच. दुकानात जे दिसतं ते ॲलर्जी नसतं, आणि जी ॲलर्जी असते ती दुकानात दिसत नाही.

'आम्ही वर्षानुवर्षं हेच लावतो, मग आजच कसं बाधलं?' हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. तो नेमका उलटा आहे. ही ॲलर्जी कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही, ती वापराने जडते. कधी काही आठवड्यांत, कधी वर्षांनी. शिवाय बाटली तीच दिसली, तरी आतलं प्रिझर्व्हेटिव्ह किंवा सुगंध बदललेला असू शकतो.

आता 'नैसर्गिक'वाल्यांकडे वळू. महाराष्ट्राला याचं उत्तर बाहेर शोधायला नको. 1950च्या दशकात पुण्यात नोंदवलं गेलेलं गाजरगवत देशभर पसरलं आणि त्याच्या नुसत्या वाऱ्याने शेतकऱ्यांचे चेहरे आणि हात फुटले. ते गवत पूर्ण नैसर्गिक आहे, कुणा कारखान्यात तयार झालेलं नाही. झेंडू, शेवंती, कॅमोमाइल, आर्निका ही त्याच्याच कुळातली. गाजरगवत बाधणाऱ्या काहींना ही भावंडंही बाधतात, आणि कॅमोमाइल-आर्निकाचे अर्क 'हर्बल' लोशनांत सर्रास असतात. लॅव्हेंडरच्या तेलातलं लिनालूल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ही द्रव्यं हवेशी संयोग पावली की जास्त ॲलर्जीकारक होतात. त्वचेला पदार्थाची जन्मकुंडली कळत नाही, तिला फक्त रेणू कळतो.

'हायपोअलर्जेनिक' या शब्दाची कथा तर कोर्टात गेलेली आहे. हा शब्द वापरायचा तर पुरावा द्या, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975मध्ये काढला. अल्मे आणि क्लिनीक या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि 1977मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो नियम रद्द केला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. 'अनसेंटेड'चीही तीच गत: वास येऊ नये म्हणून वास झाकणारं सुगंधी द्रव्य त्यात घातलेलं असू शकतं.

सगळ्यात बोधप्रद प्रकरण 'पॅराबेन-फ्री'चं. 2004मध्ये स्तनाच्या गाठींत पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह सापडल्याचा एक अभ्यास आला. त्याने कर्करोगाचं कारण सिद्ध केलं नव्हतं, पण भीती पसरली आणि कंपन्या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हांकडे वळल्या. त्यांतलंच एक मिथाइलआयसोथायाझोलिनोन. त्याने युरोपात ॲलर्जीची एवढी लाट आणली, की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने 2013 साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवलं आणि युरोपीय संघाने 2017पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. त्याच सोसायटीने 2019 साली 'ॲलर्जी न करणारा पदार्थ' म्हणून कुणाची निवड केली? पॅराबेनची! भोळ्या भीतीने चोराला सोडून संन्याशाला सुळी दिलं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग लोशनच नको, आमच्या आजीला कुठे लागायचं? हाही टोकाचा न्याय झाला. लोशन वापरणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही. आणि कोरड्या, फुटलेल्या त्वचेतूनच ॲलर्जीकारक पदार्थ सहज आत शिरतात. तिला ओलावा हवाच. प्रश्न लावावं की नाही हा नसून काय लावावं हा आहे.

त्याचं उत्तर कंटाळवाणं आहे: ज्यात घटक कमी, सुगंध नाही, ते. साधी पेट्रोलियम जेली घ्या. त्वचारोगतज्ज्ञ ॲलर्जीच्या चाचणीसाठी बहुतेक पदार्थ तिच्यातच कालवतात, कारण ती स्वतः क्वचितच कुणाला बाधते. नवं लोशन घेतलंत, तर कोपराच्या आतल्या बाजूला एका ठरावीक जागी दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावून पाहा. त्यातून दुकानातल्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त कळतं. रॅश आलाच, तर मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड, ॲन्टीबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब घेऊ नका. स्टेरॉइडने रॅश तात्पुरता दबतो, कारण तसंच राहतं. वारंवार होत असेल तर पॅच टेस्ट करून घ्या. त्वचारोगतज्ज्ञ यादासोन यांनी 1895मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तीच आहे: संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस ठेवायच्या, काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहायचं. पाठ तेवढे दिवस कोरडी लागते, म्हणून हैदराबादच्या मे महिन्यापेक्षा हिवाळा बरा. दोषी पदार्थाचं नाव एकदा कळलं की ते बाटलीच्या मागे शोधता येतं.

येतं का, हा खरा प्रश्न. आपल्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आणि बाकीचे कोणत्याही क्रमाने छापावे लागतात. पण 60 मिलीलिटरहून लहान द्रव पॅक आणि 30 ग्रॅमहून लहान क्रीमला या यादीतून सूट आहे. म्हणजे पर्समध्ये मावणारी बाटली आणि दोन-पाच रुपयांचं पाऊच, जे सर्वांत जास्त हातांत जातं, तेच मुकं राहू शकतं. युरोपात 2005पासून 26 सुगंधी द्रव्यं, ठरावीक प्रमाणाहून जास्त असतील तर, नावानिशी छापावी लागतात. 2023च्या नियमाने ती यादी 80च्या वर गेली. आपल्याकडे 'परफ्यूम' या एका शब्दाआड ती सगळी लपू शकतात.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे: लहान पॅकची सूट काढा आणि सुगंधी ॲलर्जीकारकांची नावं छापायला लावा. जागा नाही ही सबब चालणार नाही. 'नॅचरल' लिहायला जागा नेहमीच सापडते. बाटलीची दर्शनी बाजू जाहिरात खातं लिहितं, पाठीमागची कायदा लिहायला लावतो. गिऱ्हाइकाने दुसरी वाचावी, आणि कायद्याने जे अजून लिहायला लावलेलं नाही ते हक्काने लिहून मागावं.