कोळसा घटल्यावर मालगाडी काय वाहणार?

भारतीय रेल्वे वर्षाला सुमारे 160 कोटी टन माल वाहते आणि त्यातला जवळपास निम्मा एकटा कोळसा असतो. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातला 80 टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जाई. आज हा वाटा 30 टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. औषधे, कापड, फ्रिज, गाड्यांचे सुटे भाग, म्हणजे ज्यावर कारखानदारीची आणि निर्यातीची भिस्त आहे तो माल मुख्यतः ट्रकने जातो. सौर आणि पवनऊर्जा वाढत गेली की कोळशाची वाहतूक आज ना उद्या घटणार. तोवर हा दुसरा माल रेल्वेने मिळवला नाही, तर तिचा धंदा बसेल आणि महामार्गांवर डिझेलचा धूर वाढत राहील. म्हणूनच समर्पित मालवाहतूक मार्गांचे, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठी बांधलेल्या रेल्वेमार्गांचे, यश किलोमीटरमध्ये मोजून चालणार नाही. त्यांवर कोणता माल धावतो, हे पाहायला हवे.

दिल्लीजवळचे दादरी ते न्हावा-शेवा बंदर हा 1,506 किलोमीटरचा पश्चिम मार्ग त्यासाठीच आखलेला आहे. त्यावरची विजेची तार नेहमीपेक्षा बरीच वर, सुमारे साडेसात मीटर उंचीवर आहे. त्यामुळे कंटेनरवर कंटेनर रचूनही गाडी विजेच्या इंजिनाने ओढता येते. जानेवारी 2021 मध्ये न्यू अटेली ते न्यू किशनगड अशी दीड किलोमीटर लांबीची गाडी धावली. तेवढ्या कंटेनरसाठी रस्त्यावर शंभराहून अधिक ट्रक लागले असते. पण या मार्गाचा सर्वांत शेवटी रखडलेला तुकडा नेमका वैतरणा ते न्हावा-शेवा हा होता, जेमतेम शंभर किलोमीटरचा. गुजरातची मुंद्रा आणि पिपावाव ही बंदरे आधी जोडली गेली. मार्ग उभारणारे महामंडळ 2006 सालचे, हे लक्षात घेतले तर महाराष्ट्राने या दिरंगाईची मोठी किंमत मोजली.

वीजच कोळशातून येते, मग माल रेल्वेने नेण्यात फायदा कसला, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण पोलादी रुळावर पोलादी चाकाला घर्षण फार कमी होते. तितकाच माल तितक्याच अंतरावर नेण्यास ट्रकच्या तुलनेत ऊर्जा कितीतरी कमी लागते, आणि वीज जसजशी स्वच्छ होईल तसा हा फायदा आपोआप वाढेल. ट्रकचालकांच्या पोटावर पाय येईल, ही भीती अधिक गंभीर आहे. मात्र चाकणहून न्हावा-शेव्याला जाणारा माल ट्रकनेच जाणार. एवढ्या कमी अंतरासाठी दोनदा चढ-उतार परवडत नाही. रेल्वेने घ्यायचा तो दिल्लीकडचा लांब पल्ला.

खरी अडचण दराची आणि वेळेची आहे. प्रवासी तिकिटांतला तोटा मालभाड्यातून भरून काढण्याची आपली जुनी रीत आहे. गरीब प्रवाशाला स्वस्त तिकीट मिळायलाच हवे, पण तो भार अर्थसंकल्पाने उचलावा, निर्यातदाराच्या कंटेनरवर टाकू नये. आणि ट्रकवाला ‘परवा सकाळी पोचवतो’ असे सांगून पोचवतो, तशी हमी मालगाडीनेही द्यावी. जहाज चुकले की ऑर्डर हातची जाते. वेळापत्रकाने धावणाऱ्या, एकदोन कंटेनरच्या छोट्या उद्योजकालाही जागा देणाऱ्या गाड्या रेल्वे मंत्रालयाने या मार्गावर जाहीर कराव्यात आणि उशीर झाल्यास भरपाईही द्यावी.