स्थौल्य-शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण आणि आपण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचे वर्णन शेजारी शेजारी आले आहे. पदवीच्या काळात आपण सर्वांनी तो अध्याय अभ्यासला, त्यावर उत्तरेही लिहिली. परंतु एकच व्यक्ती वर्ष-दीड वर्षात पहिल्या वर्णनातून उठून दुसऱ्या वर्णनात जाऊन बसेल, ही कल्पना तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या मनात आली नसावी. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेले असे रुग्ण आता अहिल्यानगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील चिकित्सालयांतही येऊ लागले आहेत. त्यांच्या बाबतीत आपण वैद्य आणि आपले औषधविक्रेते बंधू पुरेसे सावध नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही शस्त्रक्रिया महाराष्ट्राच्या घरोघरी माहीत झाली ती वृत्तपत्रांमुळे. नितीन गडकरी यांनी २०११ साली ती करून घेतली, तेव्हा लोकांना तिचे नाव कळले. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईत आणले गेले, तेव्हा तर त्यांचे किती किलो उतरले याचे आकडे सतत छापून येत होते. वजन उतरल्यावर रुग्णाने आयुष्यभर काय घ्यावे, काय तपासावे, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. रुग्णाच्या मनातही तोच समज रुजला: काटा खाली आला की उपचार संपला.

आमच्याकडून घडलेली चूक येथे सांगणे उचित ठरेल. शेवगावकडील एक भगिनी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. वय चाळिशीच्या आत. केस मुठीने गळत होते, थकवा होता, तळपायांना मुंग्या येत होत्या. "पोटाचं ऑपरेशन झालंय," असे तिने पहिल्याच भेटीत सांगितले होते; आम्ही ते पित्ताशयाचे समजून पुढे गेलो. पांडू व वातप्रकोप असे निदान करून पुनर्नवा मंडूर व अश्वगंधा दिली, सोबत लोह व फॉलिक ॲसिडची गोळी लिहून दिली. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढले आणि आम्ही समाधान मानले. मुंग्या मात्र गुडघ्यापर्यंत चढल्या होत्या. तिचे यजमान म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अंधारात चालताना हिचा तोल जातोय." तेव्हा कुठे आम्ही उदरपरीक्षण नीट केले आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे पाच लहान व्रण दिसले. चार वर्षांपूर्वी पुण्यात बायपास झाली होती. सासरी हर्नियाचे ऑपरेशन म्हणून सांगितले होते. "त्या गोळ्या वर्षभराच्याच होत्या ना? वजन उतरलं, मग बंद केल्या," असे ती म्हणाली.

बी-१२ तपासले तेव्हा ते अत्यल्प निघाले. इंजेक्शने सुरू केल्यावर तिची चाल सुधारली, परंतु पायाच्या बोटांचा बधिरपणा अजून गेलेला नाही. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, त्यामुळे बी-१२ ची उणीव झाकली जाते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. हे आम्हास ठाऊक नव्हते असे नाही, पण ते आठवण्यासाठी लागणारा प्रश्नच आम्ही विचारला नव्हता.

या शस्त्रक्रियेत नेमके काय घडते ते थोडक्यात पाहू. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची एक लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न ग्रहणीच्या भागातून जातच नाही. लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः याच भागात होते. बी-१२ अन्नातून सुटे होण्यास जठराचे आम्ल लागते आणि ते शोषले जाण्यास जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. दोन्हींचा पुरवठा आटतो. ग्रहणीला अग्नीचे अधिष्ठान मानणाऱ्या आपल्या शास्त्राच्या विद्यार्थ्याला हे समजणे अवघड जाऊ नये. (हे साम्य आम्ही पुरावा म्हणून मांडत नाही, केवळ समजण्याची सोय म्हणून मांडतो.)

यकृतातील बी-१२ चा साठा काही वर्षे पुरतो. म्हणून उणीव प्रकट होते ती दोन, तीन, पाच वर्षांनी, म्हणजे रुग्णाने पुण्या-मुंबईच्या फेऱ्या थांबवल्यानंतर. तेव्हा तो शल्यचिकित्सकाकडे जात नाही. केस गळतात म्हणून, अंग दुखते म्हणून, अशक्तपणा वाटतो म्हणून तो आपल्या दारी येतो. आमचे काही व्यवसायबंधू म्हणतात की ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनीच निस्तरावे. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. जामखेड किंवा अकोल्याच्या रुग्णाने दिवसभराचा रोजगार बुडवून दर वेळी तिकडे जावे, अशी अपेक्षा करणाऱ्याने एकदा त्याच्या जागी उभे राहून पाहावे. शिवाय आपल्या भागातील माळकरी कुटुंबांत बी-१२ चा आधार म्हणजे दूध-दही एवढाच. शस्त्रक्रियेनंतर तोही आक्रसतो.

दुसरा धोका याच्या उलट, म्हणजे अगदी आरंभीच्या काळातला आहे आणि तो अधिक तातडीचा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वारंवार उलट्या होणाऱ्या रुग्णाचा बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपू शकतो. अशक्तपणा दिसला की ग्लुकोजचे सलाईन लावण्याची आपल्याकडील पद्धत येथे घातक ठरू शकते. बी-१ आधी न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूवरील दुष्परिणाम उफाळून येतो. एकाच्या दोन वस्तू दिसणे, डोळे अडखळत फिरणे, झोकांड्या जाणे, भ्रम होणे यांपैकी काहीही दिसले तर सूतशेखर देऊन उद्या बोलावू नये. रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे आणि शस्त्रक्रियेचा उल्लेख चिठ्ठीत ठळकपणे करावा.

आता पूरक औषधांविषयी. अमेरिकेतील स्थौल्य-शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या २०१६ च्या सुधारित सूचनांनुसार रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम विभागून, ड जीवनसत्त्व ३००० युनिटच्या आसपास, बी-१२ तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम रोज किंवा दरमहा १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह, असे साधारण प्रमाण आहे. लोह व कॅल्शियम यांच्यामध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे. तपासण्या तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी कराव्यात. त्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन यांच्यासोबत पॅराथायरॉइड संप्रेरकही पाहावे. रक्तातील कॅल्शियम हाडांतून काढून राखले जाते, त्यामुळे केवळ कॅल्शियमचा अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त राहणे बरे नव्हे.

येथे आपल्या औषधांचा प्रश्न येतो आणि तो आपण टाळू नये. शंखभस्म, प्रवाळ, कुक्कुटांडत्वक् भस्म ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटयुक्त द्रव्ये आहेत. कार्बोनेट विरघळण्यास आम्ल लागते, आणि या रुग्णांत तेच कमी असते. सायट्रेटला त्याची तेवढी गरज नसते. तेव्हा शल्यचिकित्सकाने लिहिलेल्या सायट्रेटऐवजी "तेच आहे, थोडे स्वस्त आहे" असे म्हणून कार्बोनेट देणारा औषधविक्रेता आणि त्याऐवजी प्रवाळ लिहिणारा वैद्य, दोघेही सारखीच चूक करतात. मंडूर व लोहभस्माबाबतही तोच विचार करावा. गंगाधरशास्त्री गुणे यांचे औषधी गुणधर्मशास्त्र आम्ही आजही उशाशी ठेवतो. परंतु वजनासाठी जठर-आंत्र वळवलेला रुग्ण त्या ग्रंथकारासमोर नव्हता, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे.

अवलेहांचेही असेच आहे. अशक्त दिसणाऱ्या माणसास च्यवनप्राश देण्याचा आपला हात सरावलेला असतो. बायपास झालेल्यास एवढी साखर एकदम आतड्यात उतरल्यावर अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्कही अशा शरीरात लवकर चढतो. तेव्हा चूर्ण, वटी किंवा काढा यांचा विचार आधी करावा. मिश्र व्यवसाय करणाऱ्यांनी वेदनाशामक गोळ्यांबाबत विशेष जपावे, कारण जोडाच्या जागी व्रण होतो.

सर्वांत मोठी चूक मात्र निदानाच्याही आधी, आपल्या दृष्टीतच होते. रुग्ण अजूनही देहाने भारदस्त असतो. त्याला पाहून आपण त्रिफळा गुग्गुळ, मेदोहर चूर्ण, लेखन बस्ती यांकडे वळतो. काउंटरवर वजन घटवण्याची पावडरही त्यालाच दिली जाते. मेद दिसत असला तरी त्याचे धातू उपाशी असतात. त्याला हवे असते ते संतर्पण, तेही लहान जठराला झेपेल असे. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हे लक्ष्य ठेवावे. आधी दही, पनीर, मोड आलेली मटकी, डाळ, मांसाहारी असल्यास अंडे, आणि मग भाकरीचा घास. एकादशीपासून चातुर्मासापर्यंतच्या उपवासांविषयीही स्पष्ट बोलावे. तरुण स्त्री असल्यास पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा सल्ला कोणीतरी दिला आहे ना, हे विचारावे.

आयुर्वेदाचे स्थान येथे नाही, असे आमचे म्हणणे नाही. अग्नी सांभाळणे, मलावष्टंभ दूर करणे, दिनचर्या बसवणे, खाण्याच्या ओढीत पुन्हा गुंतणारे मन सावरणे, हे काम आपण उत्तम करू शकतो. परंतु बी-१२ ची जागा शतावरी घेऊ शकत नाही, हे म्हणण्यात शास्त्राचा कमीपणा कसला?

आम्ही आता आमच्या केसपेपरवर "वजनासाठी शस्त्रक्रिया झाली आहे का? कोणती? केव्हा?" ही ओळ छापून घेतली आहे. हा प्रश्न नातलगांना बाहेर बसवून विचारतो, कारण घरच्यांपासून हे लपवलेले असते. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास तपासण्यांच्या तारखा लिहिलेले एक जाड कार्ड देतो, आणि त्याच्या मागच्या बाजूस औषधविक्रेत्यासाठी "सायट्रेटऐवजी अन्य कॅल्शियम देऊ नये" अशी सूचना असते. शेवगावच्या त्या भगिनीचे कार्ड क्रमांक एकचे आहे. कार्डाचा नमुना हवा असल्यास व्यवसायबंधूंनी व दुकानदारांनी संपादकांमार्फत कळवावे, आम्ही पाठवू.