नाटक बसवण्याआधी जागा बघा

आठ मार्च जवळ आला किंवा २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर ही सोळा दिवसांची मोहीम जवळ आली, की आपल्या सगळ्याच संघटनांच्या बैठकांत एक विषय हमखास निघतो : यंदा पथनाट्य कोणते करायचे? मग विषयावर चर्चा होते. हुंडा की दारू, मारहाण की मुलींचे शिक्षण, संहिता कोण लिहिणार, गाणी कोण बसवणार, डफ कोण वाजवणार, यावर दोन-दोन तास जातात. शेवटी, चहाचे कप गोळा करताना, कुणीतरी विचारते, "करायचे कुठे?" आणि तितक्याच सहज उत्तर येते, "चौकात करू."

या "चौकात करू"बद्दल मला लिहायचे आहे. गेली दहा-बारा वर्षे मी वस्त्यांमध्ये समाजकार्य करते. आपल्या आणि इतर संघटनांचे कितीतरी प्रयोग मी गर्दीत उभे राहून पाहिले आहेत. माझे मत असे बनत गेले आहे की, जागा म्हणजे निम्मे नाटक. नाटक कुठे होते यावर ते कोण बघणार, कोण बोलणार आणि कोण गप्प राहणार, हे ठरते. म्हणून जागेचा प्रश्न बैठकीत शेवटी नव्हे, सर्वांत आधी आला पाहिजे.

चौकातला प्रेक्षक कधी मोजून पाहा. संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. रिंगणाच्या पहिल्या दोन ओळींत मुले. त्यांच्या मागे कट्ट्यावरचे तरुण, मोटारसायकलवर बसल्या बसल्या बघणारे. पानाच्या टपरीजवळ कामावरून परतलेले पुरुष. बायका असतात त्या कडेला, दारात किंवा वरच्या खिडकीत, आणि त्यातही बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. जिच्यासाठी आपण हे नाटक लिहिले ती लग्न होऊन दोन-तीन वर्षे झालेली सून कुठे आहे? त्या वेळी नळाला पाणी आलेले असते, गॅसवर भात असतो, पाळण्यात मूल असते. वेळ असला तरी चौकात चारचौघांत उभे राहण्याची तिला मुभा नसते. आपण मात्र अहवालात लिहितो, "तीनशे प्रेक्षक, उत्स्फूर्त प्रतिसाद." प्रतिसाद खराच असतो. प्रश्न एवढाच की, तो कुणाचा?

म्हणजे चौकात नाटक करणे चूक होते का? मुळीच नाही. १९७९-८०च्या सुमारास दिल्लीत स्त्री-संघटनांनी हुंडाबळींवर 'ओम स्वाहा' हे पथनाट्य केले, तेव्हा सुनेचे जळणे ही त्या घराची खासगी बाब समजली जात होती. स्टोव्हचा भडका, अपघात, आणि विषय संपला. अशा काळात ते मरण रस्त्यावर आणून दाखवणे हेच मोठे विधान होते. आपल्याकडे १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' केले आणि ते गावोगाव गेले. मुलगी जन्मली म्हणून घरात पडणारा सुतकी चेहरा त्या नाटकाने सर्वांसमोर उघडा केला. घरात दडपलेले बाहेर आणायचे होते, म्हणून जागा बाहेरची. विषय आणि जागा यांची तिथे सांगड होती. आज आपण जागा तीच ठेवली, पण ती का निवडली होती हे विसरत चाललो आहोत.

जागा स्वतः काय बोलू शकते, याची काही उदाहरणे बघू.

दिल्लीच्या जन नाट्य मंचाने १९७८ साली 'मशीन' हे नाटक केले. गाझियाबादजवळच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या मागण्या अगदी साध्या होत्या : सायकली ठेवायला जागा आणि चहाचे दुकान. त्या आंदोलनात गोळीबार झाला, कामगार मेले. हे नाटक कामगारांमध्ये जाऊन झाले, कारण ज्यांची गोष्ट त्यांना नाट्यगृहाचे तिकीट परवडणारे नव्हते. पुढे १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूरला 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार आणि सफदर हाश्मी यांचा त्यात बळी गेला. ४ जानेवारीला सफदरची सहकारी आणि पत्नी मलयश्री हाश्मी आणि त्यांचे साथी त्याच जागी परत गेले आणि अर्धे राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. तोच प्रयोग दुसऱ्या एखाद्या सभागृहात झाला असता तर ती शोकसभा झाली असती. त्या जागेवर झाला म्हणून ते उत्तर ठरले.

दुसरे उदाहरण दूरचे, चिली देशातले. नोव्हेंबर २०१९ मध्ये वाल्परायसो शहरात 'लास तेसिस' या स्त्रियांच्या गटाने बलात्काराविषयी एक सामूहिक सादरीकरण केले. डोळ्यांवर पट्टी, ठेका धरून म्हटलेले शब्द आणि समोर बोट रोखणे. ते त्यांनी पोलीस ठाण्यासमोर केले. रोखलेले बोट कुणाकडे जाते, हे वेगळे सांगावे लागले नाही. पुढच्या महिन्यात राजधानी सांतियागोमध्ये चाळिशीच्या पुढच्या बायका हेच सादरीकरण करायला राष्ट्रीय स्टेडियमबाहेर मोठ्या संख्येने जमल्या. १९७३च्या लष्करी उठावानंतर याच स्टेडियममध्ये हजारो माणसांना डांबून त्यांचा छळ केला गेला होता. शब्द तेच, हालचाली त्याच. पण त्या भिंतीसमोर त्यांना चाळीस-पन्नास वर्षांच्या आठवणीचे वजन आले.

आणि तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, ते मणिपूरचे. इम्फाळच्या बाजारात विक्रेत्या सगळ्या बायका. १९३९ साली तांदूळ बाहेर पाठवला जात होता आणि लोकांना खायला मिळत नव्हता, तेव्हा याच बाजारातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्या लढ्याला 'नुपी लान', म्हणजे बायकांचे युद्ध, म्हणतात. १९७८ साली दिग्दर्शक कन्हैयालाल यांनी या लढ्यावर नाटक केले ते बाजारातल्या बायकांनाच बरोबर घेऊन. ज्यांची गोष्ट, त्याच नटी. बाहेरून कुणी येऊन त्यांना त्यांचाच इतिहास शिकवला नाही.

आपण समजतो तशी ही गोष्ट आपल्याला नवीनही नाही. भोंडल्याच्या फेरात, मंगळागौरीच्या खेळात सासू-सुनांची सोंगे निघतात, नवऱ्याची टर उडवली जाते. उत्तरेत मुलाची वरात गेली की मागे घरात राहिलेल्या बायका रात्रभर 'खोडिया'ची सोंगे करतात, पुरुषांचे कपडे घालून त्यांची नक्कल करतात. रंगमंच नाही, पडदा नाही. अंगण आणि माजघर हीच जागा, आणि पुरुष नाहीत म्हणून जीभ मोकळी. बायकांना नाटक करता येत नाही असे नाही, त्यांना जागा लागते. अर्थात अंगणालाही जात असते, हे विसरून चालणार नाही. कुणाच्या अंगणात कुणाला बोलावणे जाते आणि कुणाला जात नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आजही गावात प्रयोग मारुतीच्या देवळापुढे ठेवला तर एका आळीच्या बायका येतात, बुद्धविहारात ठेवला तर दुसऱ्या. मशिदीच्या गल्लीत तर आपण जातोच कमी. आंबेडकरी जलसे वस्तीत जात होते त्यामागे हेच शहाणपण होते. कार्यक्रम "सर्वांसाठी खुला" असे पत्रकात छापल्याने जागा खुली होत नाही.

तर मग चौक सोडून जायचे कुठे? रेशनच्या दुकानासमोर, टँकरच्या रांगेत, सरकारी दवाखान्याच्या बाकांजवळ, ऊसतोड कामगारांच्या तळावर, लोकलच्या लेडीज डब्यात, अशी नावे लगेच सुचतात. बायका जिथे असतात तिथे नाटक न्यावे, हे मला मान्यच आहे. पण त्यातही तीन गोष्टी सांभाळाव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे, रांगेतली बाई प्रेक्षक नसते. नाट्यगृहात आलेला माणूस उठून जाऊ शकतो. रांगेतल्या बाईने जागा सोडली तर तिचे धान्य, पाणी, केसपेपर जातो. लेडीज डब्यातला पाऊण तास हा कितीतरी जणींचा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ असतो. तिथे ती मेथी निवडते, डोळा लावते, मैत्रिणीपाशी मन मोकळे करते. तो वेळ "जाणीव-जागृती"साठी आपण न विचारता घ्यायचा का? मला वाटते, विचारूनच घ्यावा, आणि "नको" म्हटले तर उतरून जावे.

दुसरी गोष्ट जागेच्या मालकीची. प्रयोगाआधी आपण पोलीस ठाण्यात अर्ज देतो, नगरसेवकाला भेटतो, गणेश मंडळाच्या अध्यक्षाला नमस्कार करतो. ऊसतोडीच्या तळावर मुकादमाला विचारतो. हे करावेच लागते. पण ज्या बायकांच्या दारात आपण डफ वाजवणार, त्यांना विचारतो का? तळावर मुकादम डोळे लावून बसला असेल, तर उचल घेतलेल्या जोडप्यातली बाई नाटकानंतर काय बोलणार? तिच्यासाठी ती वेळ आणि ती जागा धोक्याची आहे. कदाचित ती नदीवर कपडे धुताना बोलेल. मग नाटकही तिकडेच न्यावे, डफाशिवाय, दोघीजणींनी.

याच संदर्भात ऑगस्टो बोआल यांच्या 'अदृश्य नाटका'विषयी सांगायला हवे. हे नाटक आहे हे न सांगता सार्वजनिक जागी प्रसंग घडवायचा आणि लोकांना त्यात ओढायचे, अशी ही पद्धत. उपाहारगृहात, रेल्वेत ती परिणामकारक ठरते हे खरे. पण आपल्या वस्तीत मारहाणीचा प्रसंग असा खराखुरा भासवून करायला माझा ठाम विरोध आहे. तिथे कडेला उभ्या असलेल्या कुणा बाईने कालच मार खाल्लेला असतो. तिला फसवून पुन्हा तिथे नेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्यापेक्षा बोआल यांचेच 'फोरम' नाटक मला योग्य वाटते. सुंदरबन भागात १९८५ साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ते करत आली आहे. त्यात प्रेक्षक प्रसंग थांबवतो, स्वतः आत येतो आणि वेगळा मार्ग करून दाखवतो. तिथे बाई स्वतःच्या इच्छेने रिंगणात पाऊल टाकते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. महिला मंडळाच्या एका बैठकीत एक बाई मला म्हणाली, "ताई, तुमचं नाटक अर्ध्या तासात संपतं. आमचं त्यानंतर चालू होतं." प्रयोग संपला की आपण फलक गुंडाळतो आणि शेवटची बस पकडतो. ज्या दारात आपण "सहन करू नका" म्हणून आलो, त्या दारातली बाई त्या रात्री तिथेच असते, आणि तिने नाटक बघितले हे घरात सगळ्यांना कळलेले असते. म्हणून ज्या जागी पुढच्या आठवड्यात परत जायची आपली तयारी नाही, तिथे मारहाणीवर नाटक करू नये असे मी म्हणेन. जायचे तर वस्तीतल्या दोघी-तिघींना आधी तयार करावे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता हाताशी असावा. १८१ हा क्रमांक भिंतीवर रंगवण्यापेक्षा तोंडपाठ करून घ्यावा, कारण भिंत घरचे सगळेच वाचतात.

काही मैत्रिणी म्हणतील की, रस्ता आपण फार कष्टाने मिळवला. आता पुन्हा अंगणात, नदीवर, दारे लावून नाटक करायचे म्हणजे माघार नाही का? ही शंका रास्त आहे. चौक सोडावा असे मला म्हणायचे नाही. चौकात कोण उभे राहणार, एवढेच विचारायचे आहे. आज तिथे आपण उभ्या राहतो, शहरातून आलेल्या, सलवार-कुडत्यातल्या, आणि वस्तीतली बाई खिडकीतून बघते. पहिले नाटक तिच्या अंगणात, तिच्या बोलीत, तिच्या सोयीच्या वेळी झाले, तिने त्यात हसत-लाजत एक सोंग काढले, तर सहा महिन्यांनी, वर्षाने ती पाच जणींना घेऊन चौकात उतरेल. इम्फाळच्या बायकांसारखी, स्वतःची गोष्ट घेऊन. त्या दिवशी कट्ट्यावरचे तरुण तिचे ऐकतील की नाही, ठाऊक नाही. पण ती तिथलीच असेल. बस पकडून निघून जाणार नाही.

म्हणून एक सूचना. येत्या मोहिमेची बैठक घ्याल तेव्हा संहिता बाजूला ठेवा. दोघी-दोघींनी वस्तीत जा आणि सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळा नुसत्या बसा. बायका कुठे थांबतात, कुठे हसतात, कुठे आवाज खाली आणतात आणि कुणाला बघून गप्प होतात, ते बघा. त्यांनाच विचारा, "इथे नाटक केले तर चालेल का?" त्यांनी जागा दाखवली की मग डफ बाहेर काढा. तुमच्या भागातल्या बायकांनी कोणती जागा दाखवली, हे जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा व्हावी असे वाटते.