आष्टी-चिमूरने विचारलेला प्रश्न

16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकवायला निघालेल्या जमावावर गोळ्या झडल्या. गावकरी पडले, चवताळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या जिल्ह्यातले चिमूरही पेटले. खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. सैनिक-पोलिसांनी चिमूरच्या स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची मात्र साधी चौकशी होईना. त्यासाठी गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी 63 दिवस उपाशी राहिले. ते पायी चिमूरची वाट धरत. पोलीस धरून परत आणत, ते पुन्हा निघत.

काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे आणि गांधीजी यांनी फाशीच्या कैद्यांसाठी जिवाचे रान केले. 1945 मध्ये उरलेल्या फाशी टळल्या. त्याच वर्षी महायुद्धात हरलेल्या नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गचा खटला उभा राहिला. तिथे जेत्यांनी पराभूतांचा न्याय केला. जेत्यांचा न्याय कोणी करायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. 2002 पासून हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, पण भारतासह अनेक मोठी राष्ट्रे त्याबाहेर आहेत.

या अंकातले अभ्यासक गुन्हा, शिक्षा आणि सत्ता यांचे नाते तपासतात. वाचताना आष्टी-चिमूर विसरू नका. सत्तेच्या गुन्ह्याची चौकशी होत नाही, तोवर न्याय अर्धाच.