संबंधांची दिशा आणि आपला वाङ्मयेतिहास

वाङ्मयेतिहासाच्या लेखनात 'संबंध' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. दोन लेखक समकालीन होते, एकाच नगरात वावरले, एवढ्यावरून त्यांच्यातील 'अनुबंध' प्रबंधांतून सिद्ध केला जातो. वस्तुतः संबंधाला दिशा असते. जेकब मोरेनो याने १९३४ मध्ये माणसांच्या परस्परनिवडी बाणांनी रेखाटल्या, तेव्हा एकाने निवडले म्हणून दुसऱ्यानेही निवडले असे होत नाही, हे उघड झाले. बहिणाबाईंनी (१६२८–१७००) तुकोबांना गुरू मानले. हा बाण बहिणाबाईंकडून निघतो. परतीचा बाण स्वतंत्र पुराव्याविना गृहीत धरता येत नाही.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. न्या. रानडे ज्या उपक्रमाचे प्रवर्तक होते, त्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण १८८५ मध्ये जोतीराव फुले यांना गेले. सर्वांचे मानवी हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, या आशयाचे पत्र लिहून त्यांनी ते नाकारले. येथे दोन बाण आहेत, पण ते समान नाहीत. निमंत्रण देण्याचा अधिकार एका पक्षाकडे होता. नकार हेच दुसऱ्याचे सामर्थ्य होते. त्याआधी 'निबंधमाले'त (१८७४–८१) चिपळूणकरांनी फुल्यांच्या ग्रंथांवर लिहिले, पण ते उपहासाने. तोही बाणच. या तिन्हींना 'फुले आणि समकालीन' या एका मथळ्याखाली घालणे म्हणजे विषमता पुसून टाकणे होय.

कोणी म्हणेल, वाङ्मयाला असे रेखाचित्रात कोंडू नये. आक्षेप रास्त आहे. बाण दिशा सांगतो, भाव सांगत नाही. शिवाय केवळ बाण मोजून थोरवी ठरविणे धोक्याचे आहे. छापखाने आणि नियतकालिके ज्यांच्या हाती, त्यांचे उल्लेख अधिक होणार व टिकणार. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ही पद्धती निष्कर्षासाठी नव्हे, तर प्रश्न विचारण्यासाठी स्वीकारावी. कोणी, कोणाचा, केव्हा, कोणत्या हेतूने उल्लेख केला, याची नोंद संशोधकाने ठेवावी. आणि जेथे बाण नाही ती जागा रिकामीच दाखवावी. ती 'परंपरा' या शब्दाने भरून काढण्याची सवय आपण अध्यापकांनीच विद्यार्थ्यांना लावली आहे. ती मोडण्याची जबाबदारीही आपलीच आहे.