बोटांना कळते ते

दिवाळीच्या आधी चार दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून पाहावे. रव्याच्या लाडवांचा पाक उकळत असतो. घरातली कर्ती बाई त्याचा एक थेंब बशीत घेते, जरा निवला की अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरते, बोटे किंचित विलग करते आणि तार दिसली न दिसली तोच पातेले खाली उतरवते. पाककृतींची पुस्तके लिहिणाऱ्यांनी वाटी-चमच्यांची मापे भरपूर दिली. पण या ठिकाणी तेही बोटांवर हवाला ठेवून मोकळे झाले. चकलीचे पीठ किती घट्ट, करंजीची पारी किती पातळ, अनारशाचे पीठ किती ओलसर, हा सगळा कारभार बोटांच्या हाती!

या बोटांना आता एक प्रतिस्पर्धी निघाला आहे, आणि तो आहे रबराचा.

माणसाच्या कातडीसारखे 'जाणणारे' रबर करण्याचा खटाटोप जगातल्या प्रयोगशाळांत कित्येक वर्षे चालला आहे. युक्ती ऐकायला सोपी आहे. साध्या रबरातून वीज जात नाही, कार्बनमधून जाते. म्हणून रबरात कार्बनची अगदी बारीक पूड मिसळायची. असे रबर दाबले की पुडीचे कण एकमेकांना भिडतात, विजेला वाट मिळते आणि दाब किती ते मोजता येते. दुसरी तऱ्हा अशी की, विजेच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये रबराचा थर ठेवायचा. थर दबला की पत्रे जवळ येतात आणि त्यांच्यात साठणाऱ्या विद्युत्भारात फरक पडतो. २०१० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ या विदुषीच्या गटाने अशा रबराच्या थरावर डोळ्यांना न दिसणारे चिमुकले मनोरे उभारले. सपाट रबरापेक्षा हे रबर चटकन दबते आणि चटकन पूर्ववत होते. त्याच्यावर वीस मिलिग्रॅम वजनाची एक माशी ठेवली, तर तिचाही भार त्याला कळला!

पण मूळ कातडीचा थाट निराळाच आहे. एका माणसाच्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० तंतू असतात. कोणी दाब सांगतो, कोणी थरथर, कोणी कातडीची ओढ. मुळात पेशीला दाब कळतो कसा, हे कोडेही फार उशिरा सुटले. आर्डेम पटापुटियन यांना दाब ओळखणारी पेशीतली प्रथिने सापडली तीही २०१० मध्येच, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

मराठीच्या मास्तराला यात आणखी एक गंमत दिसते. 'क' पासून 'म' पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांना आपले व्याकरण 'स्पर्श' व्यंजने म्हणते, कारण ती उच्चारताना तोंडातले अवयव एकमेकांना टेकतात. आणि स्पर्शाचे शब्द तरी किती! खरखरीत, भुरभुरीत, चरचरीत, लुसलुशीत, लिबलिबीत. रबर दाबाचा आकडा बिनचूक सांगेल. पण लुसलुशीत कुठे संपते आणि लिबलिबीत कुठे सुरू होते, हे त्याला कोणीतरी शिकवावे लागेल.

शिकवणार कोण? मला विचाराल तर मी विवळवेढ्याचे नाव सुचवीन. डहाणू तालुक्यातल्या या गावी महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि चैत्री पौर्णिमेपासून तिथे मोठी जत्रा भरते. मध्यरात्री पुजारी ध्वज घेऊन डोंगर चढतो. एका वर्षी आम्ही सहकुटुंब गेलो होतो. हा सगळा मुलूख चिकूचा; डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. रस्त्याकडेला एक आजी पाटी घेऊन बसल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले, "थोडे आज खायचे द्या, थोडे परवाचे." आजींनी पाटीत हात घातला आणि आमच्याकडे बघत, बोलत बोलत, दोन वाटे करून ठेवले.

"न बघता कसं कळतं हो, आजी?" मी विचारले.

"डोल्यांना नाय कलत," त्या म्हणाल्या, "हाताला कलतं."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आंबा रंग बदलून आपले वय सांगतो. चिकू कच्चा असो की पिकला, तपकिरीचा तपकिरीच. झाडावर तो तयार झाला का, हे सालीवरची भुकटी बोटाने झडते का यावरून, आणि नखाने ओरखडा काढून खाली हिरवे दिसते की पिवळसर यावरून ठरते. अशी नाजूक फळे न चेपता उचलावीत म्हणूनच तर यंत्राच्या हाताला रबराची जाणती कातडी चढवण्याची धडपड आहे. उद्या तसे यंत्र आले तर मला त्याचे वाईट वाटणार नाही.

मात्र आजींच्या हाताला जे कळत होते, तेच ज्यांच्या हाताला कळेनासे होते त्यांचे काय? इथे प्रश्न फळांचा राहत नाही.

कुष्ठरोगात बोटे झडतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. डॉ. पॉल ब्रँड यांनी हा समज खोडून काढला. हा इंग्रज शल्यविशारद १९१४ मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मला आणि १९४६ पासून वेल्लोरच्या रुग्णालयात राबला. त्यांनी दाखवून दिले की, रोगाचे जंतू मज्जातंतू बधिर करतात. मग तापलेला तवा हाती धरला तरी चटका कळत नाही, चपलेत खिळा वर आला तरी पाय लंगडत नाही. जखमेवर जखम होते आणि बोटाचा घास जातो. त्यांच्या रुग्णांसाठी मऊ रबराच्या तळव्यांच्या चपला आल्या आणि पुष्कळ पाय वाचले.

पुढे अमेरिकेत ब्रँड यांनी याहून धाडसी प्रयोग केला. बधिर हातासाठी दाब ओळखणारे मोजे बनवले. दाब फार झाला की कानात शिटी वाजे. रुग्णांना शिटी ऐकू येई, पण हातातले काम सोडवत नसे. म्हणून जिथे संवेदना शिल्लक होती त्या काखेत विजेचा झटका बसेल अशी सोय केली. तेव्हा रुग्ण काय करीत? अवघड काम आले की बटण बंद करीत, काम उरकीत आणि बटण पुन्हा चालू करीत! अखेर ब्रँड यांनी तो नाद सोडला. दुखणे बंद करता येत नाही, हाच दुखण्याचा उपकार, हे त्या मोज्यांनी शिकवले.

याच्या उलट एक उदाहरण २०१४ चे आहे. अमेरिकेत हात गमावलेल्या एका गृहस्थाच्या कृत्रिम हातावरच्या संवेदकांची खबर थेट त्याच्या उरलेल्या मज्जातंतूंना पोचवण्यात आली. डोळे बांधून त्याने चेरीची देठे, फळ न चिरडता, खुडून दाखवली. इथे शिटी नव्हती. आपल्याच हाताला काही लागले, असे त्याला वाटले. कुष्ठरोग्याचा मज्जातंतूच मेलेला, म्हणून त्याला ही वाट सहजी खुली नाही. रबर खबर देईल, पण ती घ्यायला घरात कोणी जागे असावे लागते.

आणि या रोग्यांची दुसरी व्यथा तर कुठल्याच प्रयोगशाळेत जात नाही. त्यांना आपला स्पर्श कळत नव्हता, म्हणून आपण त्यांना शिवायचेच सोडले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून बाबा आमट्यांनी जे आनंदवन उभारले, त्याची सुरुवात या शिवण्यापासूनच झाली.

हा रोग आता बरा होतो. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. तरीही महाराष्ट्रात दरवर्षी नवे रोगी सापडतात, आणि उशीर झाला तर गेलेला स्पर्श परत येईलच असे नाही. तेव्हा, वाचक हो, अभ्यंगाच्या दिवशी मुलांच्या आणि घरातल्या कामकरी माणसांच्या अंगाला तेल लावताना एवढे करा. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर त्यावरून कापसाचे टोक हलकेच फिरवा आणि "कळतंय का?" म्हणून विचारा. 'नाही' असे उत्तर आले, तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे जा. ही परीक्षा घ्यायला रबराची कातडी लागत नाही.