बाटलीतली चिठ्ठी आणि ट्रान्सलेटचं बटण

समजा, किनाऱ्यावर फिरताना तुम्हाला वाळूत रुतलेली एक बाटली सापडली. आत गुंडाळलेला कागद आणि त्यावर तुम्हाला न येणाऱ्या भाषेतल्या चार ओळी. काय कराल? खरं सांगा! आधी फोटो, मग स्टोरी, आणि मग कॅमेरा कागदावर धरून ट्रान्सलेटचं बटण. दोन सेकंदांत काम तमाम. मग परकी भाषा शिकायला दोन-दोन वर्षं कशाला घालवायची, हा प्रश्न आज कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास विचारला जातो. क्लासची फी भरणाऱ्या आईबाबांनाही तो पडतोच.

उत्तर शोधायला खऱ्याखुऱ्या बाटल्यांकडेच जाऊ.

जानेवारी 2018. ऑस्ट्रेलियात पर्थपासून साधारण 180 किलोमीटर उत्तरेला वेज आयलंड नावाचं ठिकाण आहे. तिथल्या वाळूत एका बाईंना जुनी बाटली दिसली. शेल्फवर छान दिसेल म्हणून त्यांनी उचलली. आतली वाळू झटकताना दोऱ्याने बांधलेली कागदाची गुंडाळी बाहेर पडली. कागद ओलसर होता, तो वाळवून हळूच उलगडला. त्यावर जर्मन भाषेतला छापील मजकूर होता आणि मधल्या मोकळ्या जागांत अगदी पुसट झालेलं हस्ताक्षर.

ते प्रेमपत्र नव्हतं, खजिन्याचा नकाशाही नव्हता. तो चक्क एक सरकारी फॉर्म होता! जहाजाचं नाव, तारीख, अक्षांश-रेखांश, कुठून कुठे निघालात, असं सगळं. ही बाटली कुठे आणि कधी सापडली ते लिहून कागद हॅम्बुर्गच्या नाविक वेधशाळेला किंवा जवळच्या जर्मन वकिलातीला द्यावा, अशी विनंतीही त्यावर होती. सागरी प्रवाह समजून घेण्यासाठी जर्मन जहाजांवरून 1864 ते 1933 अशी 69 वर्षं हजारो बाटल्या समुद्रात टाकल्या गेल्या. त्यातले 662 कागद परत पोहोचले. आधीचा शेवटचा 1934 सालचा.

आता बघा, इथपर्यंतचं काम बटण करू शकतं. तारीख 12 जून 1886, जहाज ‘पाउला’, प्रवास कार्डिफहून मकासारला. शब्द कळले. पण हे खरं कशावरून? जुनी बाटली आणि जुना दिसणारा कागद मिळवणं काही फार अवघड नाही. आम्हा पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या सेमिस्टरपासून ‘व्हेरिफाय करा’ हेच घोकायला लावतात. वेस्टर्न ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या अभ्यासकांनी तेच केलं. बाटली आणि कागद त्या काळातलेच आहेत का ते तपासलं, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या तज्ज्ञांची मदत घेतली. आणि जर्मनीतल्या संग्रहात पाउलाच्या कप्तानाची मूळ हवामान-नोंदवही सापडली. त्यात 12 जून 1886 या तारखेला नोंद होती, बाटली समुद्रात सोडल्याची. तारीख तीच, जागा तीच. हस्ताक्षरही जुळलं. तब्बल 131 वर्षांनी एका कागदाला त्याचा साक्षीदार मिळाला. एवढी वर्षं कुणीतरी त्या वह्या नीट सांभाळल्या आणि त्या वाचू शकणारी माणसं हयात होती, म्हणून हे जमलं.

दुसरी बाटली अलास्कातली. ऑगस्ट 2019 मध्ये शिशमारेफ गावाजवळ लाकडं गोळा करणाऱ्या एका माणसाला रशियन भाषेतली चिठ्ठी सापडली. त्याला रशियन येत नव्हती. त्याने फोटो फेसबुकवर टाकला आणि मदत मागितली. रशियन जाणणाऱ्या अनोळखी लोकांनी बघता बघता भाषांतर करून दिलं. ‘सुलाक’ या सोव्हिएत जहाजावरून 20 जून 1969 ला ती लिहिलेली होती. सापडेल त्याला शुभेच्छा आणि व्लादिवोस्तोकच्या पत्त्यावर उत्तर पाठवायची विनंती. लक्षात घ्या, ते शीतयुद्धाचे दिवस होते. पुढे रशियन टीव्हीच्या पत्रकारांनी चिठ्ठी लिहिणाऱ्या कप्तानालाच शोधून काढलं. वय 86. आपलं अक्षर त्यांनी ओळखलं. आपलं जहाज भंगारात गेल्याचं कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या चार ओळींमागचा माणूस असा समोर आला. इथे ॲप असतं तर वाक्यं मिळाली असती. कप्तान मिळाला तो मात्र माणसांनी माणसांना विचारत राहिल्यामुळे.

तिसरी बाटली मला सगळ्यात जास्त आवडते. 1904 ते 1906 या काळात ब्रिटनच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनसाठी जॉर्ज पार्कर बिडर यांनी उत्तर समुद्रात हजारभर बाटल्या सोडल्या. त्यातली एक 2015 मध्ये जर्मनीच्या आमरुम बेटावर सापडली. आतलं कार्ड तीन भाषांत होतं, इंग्रजी, जर्मन आणि डच. बाटली कोणत्या किनाऱ्याला लागेल हे बिडरना ठाऊक नव्हतं, पण त्या समुद्राभोवती कोण राहतं हे ठाऊक होतं. कार्ड परत पाठवणाऱ्याला एक शिलिंग मिळेल असं त्यावर लिहिलेलं होतं. संस्थेने शंभर वर्षांनंतरही जुना शिलिंग शोधून तो पाठवला! समोरच्याला कळावं म्हणून त्याच्या भाषेत लिहायचं, ही साधी माणुसकी आहे. आपण मात्र समोरच्याने आपली भाषा शिकावी म्हणून वाट बघत बसतो.

म्हणून ‘कशाला शिकायची?’ला माझं उत्तर असं आहे. बटण वापरा, जरूर वापरा, त्याने दार उघडतं. पण मजकूर खरा आहे का, लिहिणारा कोण होता, त्याने हे का लिहिलं, हे विचारायला आत जावं लागतं आणि तिथे भाषा लागते. व्हिसासाठी लेव्हल पास करण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेतल्या एका माणसाला नीट प्रश्न विचारता येईल इतकी.

आणि हो, यासाठी परदेशी किनाऱ्यावर जायची गरज नाही. आपल्याकडे अनेक घरांत जुन्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद पडून आहेत. जमिनीचे, देण्याघेण्याचे, पत्रव्यवहाराचे. भाषा आपलीच मराठी, पण घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. सरकारच्या पुराभिलेख विभागापासून अनेक संस्था मोडीचे वर्ग घेतात. या सुट्टीत एक काम करा. जर्मन, जपानी किंवा मोडी, काहीही एक निवडा आणि प्रमाणपत्राचा विचार न करता शिका. घरात मोडी कागद असतील तर ते रद्दीत जाण्याआधी आजीला विचारा, हे कुणाचे आहेत? तिला आठवेल ते तारीख घालून लिहून ठेवा. तुमच्यानंतर तो कागद उघडणाऱ्याला ती नोंद उपयोगी पडेल.